चंद्रप्पांना अनुमोदक पाहिजे

सभेत ठराव मांडायला पुष्कळ जण तयार असतात. मांडलेला ठराव खाली पडू न देणारा एखादाच असतो. औसा तालुक्यातल्या नव्या धानगुडीत तो एखादा म्हणजे चंद्रप्पा. त्यांना आडनाव आहे, पण ते रेशनकार्डाबाहेर फारसं पडलेलं नाही. गावात, सोसायटीत, दूध संस्थेत आणि लातूरच्या पतसंस्थांच्या वार्षिक सभांत त्यांची ओळख एकच : चंद्रप्पा अनुमोदक.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. सूचकाचं बोलणं पुरतं संपल्यावर अनुमोदन दिलं, तर मध्ये क्षणभर शांतता पडते. त्या शांततेत मागच्या रांगेतून कुणीतरी उठतो आणि "मला एक विचारायचं होतं" म्हणतो. मग चहा गार होतो. म्हणून "असा ठराव मी मांडतो" यातला "मांडतो" बाहेर पडायच्या आत "माझं अनुमोदन" पडलं पाहिजे. यात चंद्रप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता. सूचक श्वास कुठं घेणार हे त्यांना आधी कळे. अध्यक्ष मंडळी त्यांना पहिल्या रांगेत बसवत आणि सुशिल्याची, म्हणजे फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांची, पहिली बशी त्यांच्या हातात देत.

कामाची सुरुवात भूकंपात झाली. त्र्याण्णवला जुनी धानगुडी बसली. चंद्रप्पांचा थोरला भाऊ गेला, घर गेलं, बैल गेले. उरलेलं गाव पत्र्याच्या शेडमध्ये आलं आणि पाठोपाठ साहेब लोक आले. त्यांच्यासोबत ट्रकमधून कपडे, भांडी आणि "लोकसहभाग" हा शब्द आला. नवं गाव कुठं बसवायचं, आळ्या कशा आखायच्या, हे सगळं लोकांनीच ठरवायचं होतं. साहेबांनी ठरवलेलं लोकांनी कसं ठरवायचं, एवढाच प्रश्न होता. जागेच्या सभेत दुपार गेली तरी भांडण मिटेना. बाहेर घोंगड्यांचा ट्रक उभा होता आणि उशीर झाला तर पुढच्या गावाला जाईन असं ड्रायव्हर बजावत होता. तेव्हा मागं बसलेले चंद्रप्पा ओरडले, "साहेब म्हणतेत ते बरोबर हाय. घ्या लिहून." साहेबांनी नाव विचारलं आणि लिहून घेतलं. घोंगड्या उतरल्या. ती जागा पुढं काळ्या मातीची निघाली. पावसाळ्यात घरांची दारं लागेनात आणि उन्हाळ्यात उघडेनात. पण घोंगड्या चांगल्या होत्या, हे आजही कुणी नाकारत नाही.

त्यानंतर ज्याला ठराव पास करून घ्यायचा तो चंद्रप्पांकडे येऊ लागला. त्यांनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही. खोटी सही केली नाही. जे केलं ते भरसभेत, उभं राहून केलं. दूध संस्थेच्या अध्यक्षांची, सिद्धलिंग यांची मुदत संपली तेव्हा "पुढील व्यवस्था होईपर्यंत" ती वाढवण्याचा ठराव आला. चंद्रप्पांनी अनुमोदन दिलं, आणि पुढील व्यवस्था अजून व्हायची आहे. गावच्या वाचनालयाची खोली शिकवणीवाल्याला देण्याला अनुमोदन दिलं. वाचायला कुणी येत नव्हतं हे खरंच होतं, कारण कुलपाची किल्ली शिकवणीवाल्याकडेच होती. ग्रामसभा समाजमंदिरातून सरपंचांच्या ओसरीत नेण्याला अनुमोदन दिलं, कारण ओसरीत पंखा होता. मग ओसरीत बायका येईनाशा झाल्या. मग पुरुषही येईनासे झाले आणि शिपाई घरोघर फिरून सह्या आणू लागला. त्यालाही एक ठराव लागला होता.

लोकशाहीच्या संस्था कशा खिळखिळ्या होतात, या विषयावर नांदेडला एकदा परिसंवाद होता. एका संस्थाचालकांनी गाडी भरून माणसं नेली, त्यांत चंद्रप्पाही होते. त्यांनी सगळी भाषणं लक्ष देऊन ऐकली. शेवटी आभारप्रदर्शन झालं, आणि आभाराला अनुमोदन लागत नाही हे कळल्यावर इतक्या लांब आल्याचं त्यांना वाईट वाटलं.

माणूस सुखी होता. घरात मुलगा अंगद, खताच्या दुकानात कामाला. सून राजकन्या. नात राजश्री बारावीला गेली तेव्हा राजकन्या तिच्यासोबत लातूरला ट्यूशनच्या भागात खोली करून राहिली. त्या इमारतीत प्रत्येक खोलीत एक पुस्तकात डोकं घातलेलं पोर आणि एक स्वयंपाक करणारी आई. टँकर यायचा आणि मालक खालच्या मजल्यावरच पाणी संपवायचा. राजकन्येनं आयांना जिन्यात बसवलं, मजल्यागणिक एक बाई निवडायला लावली आणि पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. मालक म्हणाला, "हे काय, युनियन हाय का?" ती म्हणाली, "न्हाई. तहान हाय." राजश्रीला डॉक्टरकीला गुण कमी पडले, ती नांदेडला नर्सिंगला गेली. राजकन्या गावी परतली ती विचारायची सवय घेऊनच. नळ कधी येणार, दिवे का बंद, ग्रामसभा कुठं होते आणि कधी होऊन गेली.

तशात सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेही थेट मतदानातून. जेवताना राजकन्या म्हणाली, "मी उभी राहणार हाय."

चंद्रप्पांचा घास हातात राहिला. "कुणाच्या म्हणण्यावरून?"

"माझ्याच."

"तसं नसतंय गं. कुणीतरी म्हणावं लागतंय."

"मग तुमी म्हणा, मामा. आयुष्यभर दुसऱ्याच्या म्हणण्याला हाव म्हणत आलाव, एकदा घरच्याला म्हणा."

चंद्रप्पा हसले. त्यांना ते पटलंही होतं. सून सरपंच झाली तर ओसरी घरचीच होईल आणि पंखाही घरचाच, असा साधा हिशेब त्यात होता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानावरच ग्रामसभा भरली. मुलांची गाणी ऐकायला बायका आलेल्या होत्या, त्यामुळे कितीतरी वर्षांनी ग्रामसभेला बायका हजर होत्या. लातूरहून सिद्धेश्वर सर आले. सर मूळचे धानगुडीचे, त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं नाव अजून गावच्याच मतदार यादीत. लातुरात त्यांचे जीवशास्त्राचे वर्ग चालतात. चौकाचौकांत फलकांवर ते स्वतः हात बांधून उभे असतात आणि त्यांच्या मागं डॉक्टर झालेली मुलं असतात. गावानं त्यांना खुर्ची दिली. सर बसले नाहीत, कारण त्यांना उभं राहून बोलायची सवय.

"मी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो," ते म्हणाले. "तुमच्या पोटाचं ऑपरेशन करायचं असेल तर डॉक्टर मतं घेऊन निवडाल का?"

"न्हाईऽ," सगळे म्हणाले.

"मग गावाचं ऑपरेशन करायला?"

इथं टाळ्या पडल्या. ऑपरेशन कशाचं, ते कुणी विचारलं नाही. सर पुढं म्हणाले, निवडणुकीत ज्यानं काही अभ्यास केलेला नाही असा माणूसही मत देतो आणि त्याचं मत अभ्यास केलेल्याइतकंच मोजलं जातं. हे मूल्यमापन नव्हे. यानं भाऊबंदकी वाढते. शिवाय बिनविरोध झालेल्या गावाला वरून काहीतरी मिळतं, असं ते ऐकून होते.

मग त्यांनी ठराव वाचायला घेतला. "गावातील एकोपा टिकावा म्हणून..."

"माझं अनुमोदन!" चंद्रप्पा म्हणाले.

वेळ अचूक होती. सरांनीही कौतुकानं मान हलवली आणि उरलेला ठराव वाचला. "...सरपंचपदासाठी इच्छुक महिलांची बहुपर्यायी प्रश्नांची निवड परीक्षा घेण्यात यावी. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतील. प्रथम येणाऱ्या महिलेनेच अर्ज भरावा, बाकी कुणी भरू नये, आणि निवडणूक बिनविरोध व्हावी. प्रश्नपत्रिका व तपासणीची जबाबदारी आमचे वर्ग विनामूल्य घेतील." सरपंच शिवमूर्ती म्हणाले, "सर्वानुमते मंजूर." मुलांना पेढे वाटले गेले.

पहिलं नाव तिथंच नोंदवलं गेलं : सरांच्या पत्नी मालविका. बायकांच्या घोळक्यातून राजकन्येनं सासऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती घरी निघून गेली.

घरी चंद्रप्पांनी चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "मामा, काय म्हणून राहिले व्हते ते, तुमी ऐकलं तरी का?"

"सुरुवात ऐकली."

"आन् मग?"

"सुरुवात चांगली व्हती."

अंगदनं मध्ये पडून पाहिलं. "दे की परीक्षा. तू काय कुणाहून कमी हायस का?"

"पेपर कोण काढणार?"

"सर."

"तपासणार कोण?"

"सरांचं मशीन. मशीन कुणाची बाजू घेत नसतंय."

"मशीन न्हाई घेत. मशीनला चारा घालणारा घेतो," राजकन्या म्हणाली. "आन् बसणार कोण, तर त्येंचीच बायको."

"मग नको देऊ परीक्षा. सरळ अर्ज भर. कायदा काय तुला अडवत न्हाई."

"कायदा न्हाई अडवत. पर गावाचा ठराव मोडून मी उभी राहायची, आन् उद्या सरपंच होऊन कुठल्या तोंडानं लोकास्नी म्हणायचं, की गावाचा ठराव पाळा?" ती सासऱ्याकडे वळली. "तुमी केलाव, तुमीच रद्द करून घ्या. तवर तुमचं-माझं बोलणं बंद."

तिनं ते पाळलं. भाकरी वेळेवर मिळे, चहा वेळेवर मिळे. फक्त "अंगद, इचार त्येंना, कालवण पायजे का," असं समोर बसलेल्या माणसाबद्दल विचारलं जाई. चंद्रप्पा अंगदला सांगत, अंगद बायकोला सांगे. सभेच्या नियमाप्रमाणे सगळं अध्यक्षांमार्फत चाललं होतं आणि अध्यक्ष दोन्हीकडून शिव्या खात होता.

इकडे गावाला परीक्षा चढली. जिथं घरटी एक पोर लातूरला खोली करून आहे, तिथं हे व्हायचंच होतं. सरांच्या वर्गानं जाडजूड प्रश्नसंच पाठवला. त्यातला पहिला प्रश्न होता, ग्रामसभेचा मुख्य हेतू कोणता : एकोपा, शिस्त, स्वच्छता की वरीलपैकी सर्व? गावातल्या रिपीटर पोरांनी आयांना समजावलं की काही सुचेना झालं की "वरीलपैकी सर्व"वर गोळा काळा करायचा. चावडीवर म्हातारे यंदा कटऑफ किती लागेल यावर वाद घालू लागले. उभं राहायला तयार असलेल्या बायकांपैकी एकीनं सांगितलं की तिला मतं मागायची लाज वाटत नाही, पण वजा गुण पडले आणि फलकावर लागले तर माहेरी कळेल. तिनं नाव काढून घेतलं. मग दुसरीनं काढलं. एकोपा वाढत चालला.

चंद्रप्पा ग्रामसेवकाकडे गेले. आलोक नावाचा हा नांदेडचा तरुण, नव्यानं नोकरीला लागलेला, दाराकडे पाहत बोलायची सवय असलेला.

"आण्णा, त्या ठरावाला कायद्यात काही किंमत नाही," तो हळूच म्हणाला. "पण गावच पाळायचं म्हणतंय, मी काय करू? रद्द करायचा तर दोन ऑक्टोबरच्या सभेत दुसरा ठराव आणा."

"आणा की मग."

"मी नाही आणू शकत. तुम्ही आणायचा. सूचक तुम्ही."

चंद्रप्पा घाबरले. इतक्या वर्षांत त्यांनी एकही ठराव स्वतः मांडला नव्हता. सूचकाला लोक प्रश्न विचारतात, सूचकाशी भांडतात, सूचकाच्या दारात येतात. हे सगळं टळावं म्हणून तर त्यांनी ही दुसरी जागा धरली होती.

"बरं. आन् अनुमोदक?"

"तो तुम्ही शोधा. घरचा नको, लोक नावं ठेवतील."

अनुमोदक शोधणं म्हणजे काय, हे चंद्रप्पांना माहीत नव्हतं. आजवर लोक त्यांना शोधत आले होते. ते आधी शिवमूर्तींच्या ओसरीत गेले. पंखा चालू होता.

"आण्णा, मी पडलो अध्यक्ष. अध्यक्षाला अनुमोदन देता येत न्हाई."

"मागल्या साली तुमीच दिलं व्हतं की."

"तवा तुमी आजारी व्हता."

दूध संस्थेत सिद्धलिंगांनी पाठीवर हात ठेवला. "देतो की, आण्णा! तुमाला न्हाई म्हणीन का? फकस्त कुणाच्या इरोधात जात नसलं म्हंजे झालं."

"इरोधातच हाय."

"मग एकोप्याचा एखादा असला की सांगा."

ज्ञानोबा गुरुजी नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विषय फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. "मी यावर लेख लिहीन," ते म्हणाले.

"लेख नगं गुरुजी, नुसता हात वर करा."

"हाताचं काय आहे चंद्रप्पा, तो दिसतो. माझा नातू सरांच्याच वर्गाला आहे."

येताना रस्त्यात एक जण मात्र सरळ बोलला. "आण्णा, राग मानू नका, पर अनुमोदन देतेत कसं, आमाला कुठं मालूम हाय? तुमी आजारी व्हता तेवढी येळ सोडून, तुमच्याशिवाय गावात कुणी दिलंय का आजवर? तुमी कुणाला देऊच दिलं न्हाई." चंद्रप्पांना आपल्या कामाचं हे वर्णन आवडलं असतं, पण दिवस वेगळा होता.

शेवटी ते एसटीनं लातूरला गेले. सरांनीच ठराव मागं घेतला तर सगळंच मिटेल, अशी आशा होती. सरांच्या घरी बैठकीत मालविकाबाई टेबलापाशी बसल्या होत्या. पुढ्यात काळे गोळे भरायची उत्तरपत्रिका आणि बाजूला चालू असलेलं घड्याळ. सर येरझाऱ्या घालत होते.

"वेग कमी पडतोय, मालविका. वाचत काय बसतेस? पर्याय बघ आणि पुढं हो."

"प्रश्न कळल्याशिवाय उत्तर कसं देऊ?"

"प्रश्न समजून घ्यायला बसलीस तर पेपर सुटेल," सर म्हणाले. तेवढ्यात त्यांना चंद्रप्पा दिसले. "या आण्णा! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव आहे. बसा, एक बॅच सुटतेय, आलोच." आणि ते गेले.

मालविकाबाईंनी घड्याळ बंद केलं. त्या स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सरांचे वर्ग वाढले तसं ते सुटलं आणि त्या वर्गाच्या वसतिगृहाचा जेवणाचा विभाग पाहू लागल्या.

"काका, तुमच्या सूनबाईंचा अभ्यास कुठवर आलाय?"

"तिनं पुस्तक उघडलंच न्हाई, बाई. ती परीक्षेला बसणार न्हाई. घरोघर हिंडून राहिलीय."

"घरोघर? कशाला?"

"मालूम न्हाई. माझ्याशी बोलत न्हाई ती. पर लोक बोलतेत तिच्याशी. गटारीचं सांगतेत, दिव्यांचं सांगतेत. एका म्हातारीनं तर अर्धी दुपार बसवून ठेवलं म्हणं."

मालविकाबाईंनी पेनला टोपण लावलं. "मला अजून गावात कुणी काही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी गेले की खुर्ची देतात आणि सरबत. आणि म्हणतात, तुम्ही येणारच पहिल्या." समोरच्या कागदाकडे त्यांनी पाहिलं. "मी या पेपरात पहिली आले तर लोक म्हणतील नवऱ्यानं फोडला. नाही आले तर म्हणतील फोडूनही जमला नाही. यात तिसरा पर्यायच नाही."

सर परत आले. त्यांनी चंद्रप्पांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ठराव लोकांचा आहे, आपण लोकांच्या पुढं कसं जाणार, असं नम्रपणे सांगितलं. चंद्रप्पा परतीच्या एसटीत बसले तेव्हा त्यांच्याकडे ठराव होता आणि अनुमोदक नव्हता.

दोन ऑक्टोबरला सभेला गर्दी झाली. परीक्षेचं केंद्र, बैठक व्यवस्था आणि पेन कुठलं वापरायचं हे जाहीर होणार होतं. बायकाही आल्या. राजकन्या मागं उभी राहिली. मालविकाबाई सरांसोबत पुढं बसल्या. सासू-सुनेऐवजी सासरा-सुनेमध्ये अडकलेला अंगद कुंपणाला टेकून होता. विषय वाचून झाले आणि शिवमूर्ती "ऐन वेळचे विषय?" असं, उत्तर येणार नाही अशा खात्रीनं म्हणाले.

चंद्रप्पा उठले. पहिल्या रांगेतल्यांना वाटलं की ते कशाला तरी अनुमोदनच देत आहेत, म्हणून एक-दोघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"परीक्षेचा ठराव रद्द करावा," चंद्रप्पा म्हणाले. "ज्येला उभं राहायचं त्येनं उभं राहावं. लोकांनी मतं द्यावीत. असा ठराव मी..." इथं ते सवयीनं थांबले. इथं कुणीतरी बोलायला हवं होतं. कुणी बोललं नाही. "...मांडतो," त्यांनी स्वतःच पुरं केलं.

शांतता पडली. आपण इतकी वर्षं लोकांना हिच्यातून वाचवत होतो, हे चंद्रप्पांना पहिल्यांदाच कळलं. सिद्धलिंग चपलेचा अंगठा पाहू लागले. ज्ञानोबा गुरुजींनी चष्मा काढला, म्हणजे त्यांना काही दिसलं असं म्हणता येऊ नये.

"आण्णा, तुमीच दिलेल्या अनुमोदनाच्या इरोधात तुमी?" शिवमूर्ती म्हणाले.

"हाव. तवा ऐकलं न्हवतं. आता वाचलंय."

"अनुमोदक कोण हाय?" आलोकनं वर न बघता विचारलं. मग पुन्हा विचारलं. शिवमूर्तींचा चेहरा सैल झाला. "अनुमोदक न्हाई, म्हणून ठराव..."

"माझं अनुमोदन," मालविकाबाई म्हणाल्या.

सर वळले. "मालविका, तुला कळलेलं नाही. ठराव रद्द करायचा आहे."

"कळलंय. मी पूर्ण ऐकून घेतलं."

"अगं, तू पहिली येणार आहेस!"

"म्हणूनच. मला या गावचं सरपंच व्हायचंय, या गावची टॉपर नाही," त्या म्हणाल्या, आणि मागं वळून राजकन्येला, "तुम्ही उभ्या राहा. मीही राहते. लोकांना काय पाहिजे ते लोक बघतील."

"आन् पडलाव तर?" राजकन्या मागून म्हणाली.

"तुम्ही पडलात तर?"

बायकांत हसू फुटलं. शिवमूर्ती घाईनं म्हणाले, "सर्वानुमते..." आणि थांबले, कारण सर्वानुमते काय, हेच त्यांना उमगेना. सर म्हणाले, माझा विरोध आहे. विरोध नोंदवायची वेळ धानगुडीत बऱ्याच वर्षांनी आली होती. मग हात मोजावे लागणार, असं आलोक म्हणाला. तो खुर्चीवर चढला. हात मोजायची कुणाला सवय नव्हती. काहींनी दोन्ही हात वर केले, काहींनी शेजाऱ्याचा केला, एकानं "आधी बाकीच्यांचं बघू" म्हणून हात अर्ध्यात ठेवला. आलोकनं पुन्हा मोजलं, पुन्हा चुकला आणि पुन्हा मोजलं. परीक्षा रद्द झाली.

गावाला अचानक लोकशाहीची ओढ लागली असं समजायचं कारण नाही. वजा गुणांची भीती मोठी होती. शिवाय दोन तयारीच्या बायका एकमेकींसमोर उभ्या राहणार म्हटल्यावर ते पाहायची हौस होती, आणि निवडणूक म्हटलं की लोक दारात येतात, बिनविरोध म्हटलं की कुणी फिरकत नाही, हेही हात वर करणाऱ्यांना आठवलं होतं. सरांनी पराभव मनाला लावून घेतला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बायकोच्या प्रचाराचं वेळापत्रक केलं, आळ्यांचे सोप्या, मध्यम आणि अवघड असे गट पाडले. मालविकाबाईंनी ते पिशवीत घातलं आणि अवघड आळीपासून सुरुवात केली. त्या आळीत त्यांना खुर्ची कुणी दिली नाही, सरबतही नाही, आणि परतायला त्यांना संध्याकाळ झाली.

मतदानाच्या आधी एका सकाळी चंद्रप्पा दारातल्या बाजेवर बसले होते. राजकन्या घरातूनच बाहेर आली, पायात चपला घातल्या, अंगण उतरून रस्त्यावर गेली आणि रीतसर पुन्हा दारात आली. सोबत आळीतल्या दोघीतिघी होत्या.

"मामा, मी सरपंचपदाला उभी हाय. तुमचं मत मला द्या."

ठराव रद्द झाला त्या दिवशीच बोलणं सुरू होईल असं चंद्रप्पांना वाटलं होतं. पण राजकन्या कामात होती आणि आता आली ती उमेदवार म्हणून. ते सावरून बसले. उभ्या जन्मात त्यांच्याकडे कुणी मत मागायला आलं नव्हतं. ते देणारच हे धरून चालायची सगळ्यांना सवय होती.

"मालविकाबाई काल येऊन गेल्या," ते म्हणाले.

"ठावं हाय."

"त्येंनी सांगितलं काय काय करणार ते. चांगलं बोलल्या."

"बरं."

"मी म्हणलं, सगळ्यांचं ऐकून घेतो, मग बघतो."

सोबतच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आतून अंगद म्हणाला, "घ्या! घरातलंच मत पक्कं न्हाई." राजकन्येला राग आला होता, पण उमेदवाराला राग येऊन चालत नाही हे ती एव्हाना शिकली होती.

"इचारा की मग, काय इचारायचंय ते."

चंद्रप्पांनी आळीच्या टोकाकडे बोट केलं. गटारीचं पाणी रस्ता ओलांडून शाळेच्या वाटेवर पसरलं होतं. "हे किती वर्सं झालं असंच हाय. तू काय करणार?"

"नवी गटार घेऊ."

"कुठून नेणार? खाली सिद्धलिंगाचं रान हाय. तो देतोय व्हय?"

"इचारू त्याला."

"न्हाई म्हणला तर?"

राजकन्येनं सोबतच्या बायकांकडे पाहिलं. पुढची आळी वाट पाहत होती. मग ती पायरीवर बसली आणि सिद्धलिंग नाही म्हणाले तर काय करायचं ते सांगू लागली. चंद्रप्पांनी मध्ये एकदाही मान हलवली नाही.